झाकण का भोक?

कपाशीला बोंडं धरायला लागली की माझा हात अजून आधी पानाखाली जातो. बाकीच्या बायका फूल बघतात. सकाळी पिवळंधमक उमललेलं फूल दुसऱ्या दिवशी लालसर होऊन मिटतं, ते बघण्यासारखं असतं, मी नाही म्हणत नाही. पण मला ते दिसण्याआधीच पान उलटं झालेलं असतं. धुळ्याच्या आमच्या घरामागे शेजाऱ्यांनी कुंपणाला लागून कपाशीची थोडी झाडं लावली आहेत, वाती वळायला म्हणून. काल मी त्यांची पानं एकेक करून उलटून पाहत होते, तर शेजारीण खिडकीतून म्हणाली, काही हरवलं का हो? नाही म्हटलं आणि आत आले. तिला सांगायचं तर जळगावापासून सुरुवात करावी लागली असती, आणि तिच्या चुलीवर वरण होतं.

भाद्रपद सरत आला की खानदेशात एक विशिष्ट उघडीप पडते. ढग असतात पण ते आता कुणाचे नसतात. काळ्या जमिनीला वरून पापुद्रा धरतो आणि आत पाय घातला की चप्पल तिथंच राहते. तिळाची फुलं गळायला लागलेली, ज्वारी पोटरीत आलेली, आणि या सगळ्यावर कपाशीच्या पानांचा तो तुरट, किंचित तेलकट वास. हा वास माझ्या लुगड्यांना त्या वर्षी असा बसला होता की माहेरी गेले तर आई म्हणाली, संसार करतेस की शेत राखतेस? मी म्हटलं, दोन्ही. आणि ते खोटं नव्हतं.

पंधरा-सोळा वर्षं झाली. आमचे हे तेव्हा जळगावला सरकारी शेतावर कीटकांच्या कामावर होते. हे मूळचे साताऱ्याकडचे, पुण्याला शेतकी शिकलेले, आणि खानदेशात नवीन. काम असं होतं की इथल्या पिकांवर ज्या अळ्या पडतात त्यांच्या अंगात वाढणाऱ्या माश्या गोळा करायच्या आणि त्यांची कुळं लावायची. ऐकणाऱ्याला हे विचित्र वाटतं, मलाही वाटलं होतं. गांधीलमाशीच्या दूरच्या नात्यातल्या या माश्या इतक्या बारीक असतात की तिळाच्या दाण्याआड लपतील. माशी जिवंत अळीच्या अंगात अंडी घालते. पिल्लं आत राहून अळीला खातात, मोठी झाली की तिची कातडी फोडून बाहेर येतात आणि तिथंच पानावर, तिच्या उशाशी, पांढरे कोश विणून बसतात. कोशांचा पुंजका कापसाच्या चिमटीसारखा दिसतो. थोड्या दिवसांनी त्यातून माश्या उडतात, आणि अळी मेलेली असते.

आता अशा माश्या किती प्रकारच्या असतील याला काही मोजमाप नाही. एकीला एरंडाची अळी लागते, दुसरीला ज्वारीच्या खोडातली. म्हणून नुसती माशी पकडून उपयोग नाही. ती कुणाच्या अंगातून निघाली, ती अळी कुठल्या पिकावर होती, गाव कुठलं, महिना कुठला, हे सगळं माहीत हवं. सोयरीक जमवताना नुसतं स्थळ बघून भागत नाही, मामेकूळ विचारावं लागतं, तसं. अळी, कोश आणि माशी तिन्ही एका ठिकाणी मिळाली तरच ओळख पक्की. यांचं हे वाक्य मी इतकं ऐकलं होतं की झोपेत म्हणू शकले असते.

घर कसं होतं ते सांगते. सोप्यात एक लांब टेबल, त्याचे पाय पाण्याच्या वाट्यांत उभे, मुंग्या चढू नयेत म्हणून. टेबलावर कंदिलाच्या काचा रांगेनं उभ्या. प्रत्येक काचेत एक फांदी, फांदीवर अळी, आणि काचेच्या वरच्या तोंडाला जुन्या धोतराचं मलमल बांधलेलं. मलमलीला मधाचं बोट लावायचं, माशी निघाली तर तिला खायला. पाहुणे यायचे आणि इतक्या काचा बघून म्हणायचे, तुमच्याकडे उजेडाची चंगळ आहे. त्यांना काय माहीत की आमच्या खऱ्या कंदिलाची काच तडकलेली होती आणि ती बदलायला हे तयार नव्हते, कारण नवी काच आणली की तिच्यात अळी जायची. आताही जर्मन-जपानशी चाललेली लढाई संपून वर्ष उलटलं तरी रॉकेलची रांग काही संपलेली नाही, आणि रांगेत उभी असले की मला त्या काचा आठवतात आणि हसू येतं.

त्या हंगामात कपाशीवर हिरव्या उंटअळ्या पडल्या. चालताना पाठीची कमान करते ती अळी. तिनं पानांची चाळण करून टाकली. कुठल्या तरी कचेरीतून गावोगाव दवंडी पिटली गेली की अळ्या आणि अळ्यांची अंडी वेचून जाळा. दवंडी चांगल्या हेतूनं होती. पण त्या अळीचं अंडं असतं एकेकटं, हिरवट, पानाच्या रंगाचं. भिंग लावूनही मला ते सापडायला वेळ लागायचा. शेतकऱ्याला डोळ्यांना दिसायचे ते पांढरे पुंजके. अळी शेजारी निपचित पडलेली, पुंजका तिच्या पोटाला टेकलेला. बघणाऱ्याला दुसरं काय वाटणार? बाळंतीण आणि तिची अंडी. गावंच्या गावं पुंजके वेचून आगटीत टाकायला लागली, आणि जी माशी त्यांच्या पिकाची राखण करत होती तीच पहिली जळायला लागली.

याला आणखी एक आधार होता आणि तो मोडणं सर्वांत कठीण होतं. कीर्तनात आपण सगळ्यांनीच ऐकलेलं आहे की भिंगुरटी माशी अळीला आणून आपल्या मातीच्या घरात कोंडते, अळी तिचा ध्यास घेते, आणि ध्यास घेता घेता स्वतःच भिंगुरटी होते. लहानपणी एरंडोलच्या देवळात हे ऐकताना माझ्या अंगावर काटा यायचा. दृष्टांत म्हणून तो मला आजही आवडतो. पण शेतकऱ्याच्या मनात तो सरळ शेतात उतरला होता. अळी होती, तिथं पुंजका झाला, पुंजक्यातून माशी निघाली. म्हणजे अळीचीच माशी झाली. मग ती अळीइतकीच वैरी, आणि वर पंख फुटलेली. या विचारात चूक कुठं आहे ते तुम्हीच सांगा. डोळ्यांनी बघितलेलं आणि देवळात ऐकलेलं दोन्ही जुळत होतं.

नशिराबादचे नथू आबा आमच्या ओळखीचे. उंच, काळेसावळे, बोलायला तोडून टाकणारे. त्यांच्या वावरात यांनी पुष्कळ अळ्या वेचल्या होत्या. यांनी त्यांना सगळं समजावलं, चित्र काढून दाखवलं, आणि निदान एका वावरातले पुंजके तरी ठेवा म्हणून गळ घातली. आबांनी ते चित्र उलटसुलट करून पाहिलं. मग म्हणाले, "सायेब, तुमी इतकं म्हनता तं रस्त्यावरचं वावर राहू देतो. पन तिथली कपाशी गेली तं पुन्हा माह्या बांधावर येऊ नका. आन मंग गावात कोनाले सांगूबी नका."

हे घरी आले ते आनंदात. मी मात्र त्या शेवटच्या वाक्यावर अडकले. आबांचं वावर बुडालं तर नुसते आबा जाणार नव्हते. नशिराबादनं एकदा नाही म्हटलं की आजूबाजूच्या गावांत आमचं कोण ऐकणार होतं? पुंजके जळत राहिले असते, या वर्षी आणि पुढच्या वर्षीही.

आणि नेमका तेव्हा हिवताप आला. दर एक दिवसाआड हुडहुडी, वर गोधड्यांचा ढीग, मग घाम, मग डोळे लावून पडणं. कोयनेलच्या गोळ्यांनी कान वाजायचे, मग मी एक विचारलं की हे दुसरंच उत्तर द्यायचे. डॉक्टर म्हणाले, अंथरुणातून उठायचं नाही. हे म्हणाले, काचांचं काय? मी म्हटलं, काचांना ताप नाही ना आला, मग मी आहे. तोवर मी फक्त चित्रं काढत होते. शाळेत असताना माझा हात बरा होता, आणि माशीच्या पंखावरच्या शिरा काढायला यांच्या हातापेक्षा माझा स्थिर होता. आता फांद्या बदलणं, मध लावणं, नशिराबादहून गड्याबरोबर येणाऱ्या डब्या उघडणं, सगळंच माझ्याकडे आलं. शेजारपाजारी बोलले. बाईमाणूस अळ्या हाताळते, त्याच हातांनी कणीक मळते. मी हात धुते, एवढं त्यांना सांगितलं आणि कामाला लागले.

एका सकाळी काचेत हालचाल दिसली. रस्त्यावरच्या वावरातून आलेल्या पुंजक्यातून माश्या निघाल्या होत्या. मी भिंग लावून पाहिलं. आमची माशी काळी असते, मळकट, डोक्यावरची मिशांसारखी शिंगं लांब आणि सरळ. या होत्या चकचकीत हिरव्या, मोराच्या मानेसारख्या, आणि शिंगं कोपरातून वाकलेली. यांना काच नेऊन दाखवली. ताप उतरलेला होता. बराच वेळ बघून म्हणाले, सुंदर आहे. मग उशीवर डोकं टाकून म्हणाले, ही आपली नव्हे.

हिची जात यांना पुस्तकातून माहीत होती. ही अळीला शिवत नाही. आपली माशी कोशात झोपलेली असते, तेव्हा ही वरून टोचून आपलं अंडं आत सोडते, आणि हिचं पिल्लू आपल्या माशीला कोशातच खातं. म्हणजे राखणदाराच्या घरात शिरलेला चोर. आबांच्या वावरातले पुंजके जर सगळे हिनंच धरले असतील, तर ते राखून आम्ही चोराला पोसत होतो. तसं असेल तर गावाचं जाळणंच बरोबर. हे इतक्या शांतपणे म्हणाले की मला राग आला. म्हणाले, उद्या गड्याबरोबर आबांना निरोप धाड, त्यांना हवं ते करू दे.

मी निरोप धाडला नाही. का, ते तेव्हा मला नीट सांगता आलं नसतं. मी काचेतला पुंजका बाहेर काढून चित्र काढायला बसले, कारण काढायचं होतंच. काढता काढता लक्षात आलं की सगळे रिकामे कोश सारखे नाहीत. काहींच्या कुशीला भोक होतं, कडा कुरतडलेल्या, उंदरानं पोतं फोडावं तशा. आणि काहींच्या टोकाला चक्क झाकण होतं. गोल, स्वच्छ कापलेलं, एका बाजूनं अजून चिकटलेलं, डबा उघडून ठेवावा तसं. काचेतल्या हिरव्या माश्या भोकांतून आलेल्या होत्या, एक तर अर्धी आत असतानाच मी बघितली होती. मग झाकण उघडून कोण गेलं? तो प्राणी काचेत नव्हता. म्हणजे पुंजका आमच्याकडे येण्याआधीच तो गेला होता.

यांना विचारलं. म्हणाले, जुने कोश असतील, सोड. मी म्हटलं, सोडणार नाही. आमचं त्या दिवशी कडाक्याचं वाजलं. तापातल्या माणसाशी भांडू नये हे मला कळत होतं, पण काचेत जे दिसत होतं त्याला मला नाही म्हणता येत नव्हतं.

दिवेलागणीला वाड्यातल्या मुली भुलाबाई घेऊन आल्या. ही आमच्याकडची रीत यांच्या साताऱ्याकडे नाही. भाद्रपदाच्या पौर्णिमेला मातीचे भुलाबाई आणि भुलोजी मांडतात, महिनाभर मुली घरोघर गाणी म्हणत फिरतात, आणि शेवटी प्रत्येक घराची खिरापत ओळखायची असते. घरची बाई खाऊ बंद डब्यात घालून नुसता वाजवते. एरंडोलला मी यात कुणाला हार गेले नाही. बाकीच्या पोरी लाडू का, करंजी का, चिवडा का, म्हणून नावं घेत सुटायच्या. मी नावच घ्यायची नाही. आधी गोड का तिखट. मग ओलं का कोरडं. मग तळलेलं का भाजलेलं. तेवढ्यात डब्यात फारसं काही उरतच नाही. त्या संध्याकाळी मी डबा वाजवला तर मुली ऐकून गोंधळल्या, कारण मी घाईत तळाशी थोडे फुटाणे उरलेला डबाच उचलला होता. एक चिमुरडी म्हणाली, यात काही नाहीच. मी म्हटलं, आहे गं, वरचं संपलं म्हणून आवाज वेगळा येतोय.

आणि डबा हातात तसाच राहिला. वरचं संपलं. हे आजारी पडल्यापासून पुंजके आमच्याकडे गड्याच्या सवडीनं, उशिरा यायला लागले होते. आपली माशी लवकर निघते, ती शेतातच झाकण उघडून निघून जात होती. चोर मागाहून निघतो. म्हणून आमच्या काचेत चोरच येत होता. काच बघून वावराचा हिशोब लावणं म्हणजे तळाचे फुटाणे बघून डबा ओळखणं होतं. बघायला हवे होते ते शेतातले रिकामे कोश. तिथं झाकणं जास्त असतील तर वावर राखायचं, भोकं जास्त असतील तर आबांना आगटी पेटवू द्यायची. मी आत जाऊन यांना सांगितलं. त्यांनी ऐकलं, डोळे मिटले, आणि म्हणाले, "तू जा. मला उठता येत असतं तर मीच गेलो असतो."

सकाळी टांगा करून मी नशिराबादला गेले. आबांच्या बांधावर आगटी तयार होती, शेण्या रचलेल्या, टोपल्या घेऊन बायका उभ्या. राखलेल्या वावरातल्या पानांची खरोखर चाळण झालेली होती आणि आबांचा धीर सुटला होता. मी आबांच्या जागी असते तर मीही तेच केलं असतं. आबांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, सायेब नाई आले? मी म्हटलं, ताप आहे, मी आले आहे, आणि संध्याकाळपर्यंत थांबा. आबांनी आगटीवर आणखी एक शेणी रचली. तेवढ्यात अक्का पुढे आल्या. अक्का म्हणजे आबांची थोरली बहीण, नवऱ्यामागे भावाकडे राहिलेली, आणि त्या गावात आबा फक्त अक्कांनाच भीत. त्यांनी मला विचारलं, काय शोधायचंय? मी पदराला बांधून आणलेला पुंजका उघडला आणि भिंग त्यांच्या हातात दिलं. हे झाकण, हे भोक. झाकणातून निघते ती आपली. भोकातून निघते ती चोर.

अक्कांनी भिंगातून बघितलं, मग भिंग बाजूला करून नुसत्या डोळ्यांनी बघितलं, आणि हाक दिली. बायका सऱ्यांमध्ये शिरल्या. दोन सुपं बांधावर ठेवली, एकात झाकणं, एकात भोकं. कोवळ्या डोळ्यांच्या पोरींना भिंग लागतच नव्हतं. थोड्याच वेळात वावरभर ओरडा सुरू झाला, झाकण, झाकण, भोक, झाकण. मग कुणीतरी भुलाबाईच्या चालीवर ते म्हणायला सुरुवात केली आणि बाकीच्यांनी उचललं. शब्द असे काहीच नव्हते, ही दोनच नावं. मी पण म्हणत होते. गुडघ्याइतक्या चिखलात, पदर खोचून, घरी आजारी नवरा ठेवून मी गाणं म्हणत होते, आणि मला खूप बरं वाटत होतं हे मी सांगून टाकते.

उन्हं उतरायला लागली तेव्हा आबा सुपांजवळ येऊन उभे राहिले. मोजायची गरज नव्हती. झाकणांचं सूप भरत आलं होतं, भोकांच्या सुपाचा तळ दिसत होता. पण आबा हलेनात. म्हणाले, निघाली तं अळीतूनच ना? मंग अळीचीच माशी. झाकन असलं काय, भोक असलं काय. त्यांच्या चेहऱ्यावर हट्ट नव्हता, खरी शंका होती.

उत्तर अक्कांना दिसलं. त्यांच्या हातातल्या पानावर एक कोश अजून बंद होता, आणि त्याच्या टोकाला बारीक चीर पडत होती. आम्ही तिघं डोकी लावून बघत बसलो. चीर गोल फिरली. झाकण वर उचललं गेलं, काळं डोकं बाहेर आलं, मग शिंगं, सरळ, लांब. माशी कोशाच्या काठावर बसून अंग पुसत राहिली. पंख सुकले तशी उडाली. पुढचं मला कधी पुन्हा इतकं जवळून बघायला मिळालं नाही. शेजारच्या पानावर एक कोवळी अळी कमान करून चालत होती. तिच्यावर एक काळी माशी उतरली, तीच की दुसरी ते मी शपथेवर सांगणार नाही, आणि तिनं पोट वाकवून अळीला टोचलं. अळीनं अंग झटकलं. माशी उडून पुन्हा बसली, पुन्हा टोचलं.

अक्का म्हणाल्या, "नथू, हे अळीची लेक नाई. सवत हाये तिची."

आबांनी ते पान डोळ्यांजवळ धरून पुन्हा पाहिलं. मग ते आगटीकडे गेले आणि शेण्या पायानं पसरून दिल्या.

आबांची कपाशी आम्ही वाचवली असं मी म्हणत नाही. नंतर ऊन चांगलं पडलं, अळीचा जोरही आपसूक ओसरला, आणि बोंडं धरली. दिवाळीच्या आधी नशिराबादहून केळीचा घड आला, त्याबरोबर एवढाच निरोप की पुढच्या साली दवंडी झाली तर आधी बाईंना विचारू. यांचा ताप तोवर गेला होता. आम्ही दोघांनी मिळून दोन्ही माश्यांची ओळख मराठीत लिहून काढली, खिरापतीच्या रीतीनं. शिंगं सरळ का वाकडी. पंखावर शिरा आहेत का पंख कोरा. अंग मळकट का चकचकीत. शेवटी झाकण का भोक. हे म्हणाले, इंग्रजी पुस्तकांत अगदी असंच असतं, एकेका प्रश्नाला दोनच वाटा. मी म्हटलं, त्यांच्याकडेही भुलाबाई बसत असेल.

माश्या कागदाच्या टोकावर डिंकानं चिकटवून पुण्याला गेल्या, तिथून आगबोटीनं परदेशी, आणि पुष्कळ महिन्यांनी नाव लागून आलं, लांबलचक, लॅटिन. खालच्या चिठ्ठीवर गाव होतं, महिना होता, अळी होती, पीक होतं, यांच्या नावाची आद्याक्षरं होती. माझं काही नव्हतं. मला ते लागलं. यांनाही लागलं, आणि त्यांनी पुण्याला तसं कळवलं, त्यावर उत्तर आलं नाही. मी मनाशी म्हटलं, ठीक आहे, पुढच्या माशीला बघू. आणि पुढचे हंगाम मी बघितलेच. चाळीसगावला, मग इथं धुळ्याला. आता डोळ्यांना भिंगाशिवाय दोरा ओवता येत नाही, तरी पान उलटायला डोळे लागत नाहीत.

हे सगळं आज का लिहायला बसले ते सांगते. गेल्या आठवड्यात आम्ही दोंडाईच्याला एका लग्नाची बोलणी करायला गेलो होतो. गाडीला अवकाश होता म्हणून स्टेशनामागच्या रस्त्यानं चालत निघालो. दोन्ही बाजूंना कपाशी. माझा हात गेलाच. पानाखाली पांढरा पुंजका होता, आणि मी देठ खुडणार तेवढ्यात सरीतून एक बाई उभी राहिली. डोक्याला फडकं, हातात खुरपं, वय सोळा-सतराच्या आसपास. म्हणजे त्या वर्षी ही असलीच तर मांडीवर असेल.

"मावशी, हात नका लावा त्याले. झाकणीनं घर शे ते."

आमच्या ह्यांनी टोपी मागे सारली. इतकी वर्षं याच कामात गेलेला माणूस, त्यांनी अगदी साळसूदपणे विचारलं, झाकणीचं घर? झाकणी म्हणजे काय असतं? बाईनं त्यांच्याकडे दयेनं बघितलं. हातातलं खुरपं कमरेला खोचलं आणि पान माझ्या हातातून घेऊन आम्हा दोघांना नीट समजावलं. झाकण उघडं दिसलं की आपली माशी निघून गेली, ती अळीला मारते. भोक दिसलं तर भोकपाडी, ती लुच्ची. म्हणून सरसकट जाळायचं नाही, आधी बघायचं. तिचं सगळं बरोबर होतं. भोकपाडी हा शब्द मी कधी ऐकला नव्हता, तो कुठं कुणी घातला कोण जाणे, आणि तो मला फार आवडला.

मी विचारलं, तुला हे कुणी सांगितलं गं?

"सांगाले कसाले पाहिजे?" ती म्हणाली. "बठ्ठासले माहीत शे."

सगळ्यांनाच माहीत! यांनी माझ्याकडे बघितलं आणि बोलायला तोंड उघडलं. मी त्यांचा सदरा मागून ओढला, आणि पान होतं तसं तिच्या हातात राहू दिलं.